उसनी कुंची

फार वर्षं झाली, पण साल हरवलेलं नाही. शके अठराशे एकोणीस, पौष वद्य पंचमी. थंडी अशी की सकाळी हिवरतळचा माळ दहिवरानं पांढरा व्हायचा. गावात प्लेग शिरला होता. माणसं घरांना कड्या घालून माळावर झोपड्यांत राहायला गेली होती. एक झोपडी दुसरीपासून हाकेवर. कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं.

माळाच्या वरच्या अंगाला धुळा धनगराचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे दगडमातीचा नव्हे. काठ्यांवर ताणलेलं जाळं, आत मेंढरं, बाहेर तीन दगडांची चूल. दर पौषात तो त्याच जागी यायचा.

धुळाच्या हाताला एक गुण होता. मेंढीचं कोकरू मेलं तर तो त्याचं कातडं सोलून घ्यायचा. आई मेलेलं दुसरं कोकरू शोधायचा आणि त्याच्या अंगावर ते कातडं चढवायचा. मेंढी हुंगायची. वास आपल्या पिलाचा, म्हणून पाजायची. तिसऱ्या दिवशी धुळा कातडं काढून टाकायचा. तोवर दूध पोटात गेलेलं असायचं आणि पिलू मेंढीचं झालेलं असायचं. याला ते लोक कोकरू लावणं म्हणत. धुळानं लावलेलं कोकरू कधी वाया गेलं नाही, असं म्हणतात.

त्या पंचमीला पहाटे धुळाचं स्वतःचं लेकरू गेलं. चार महिन्यांचा मुलगा. छातीत कफ भरला आणि गेला. धुळाची बायको बायाक्का. तिनं आपल्या जुन्या लुगड्याचे तुकडे जोडून त्याला कुंची शिवली होती, लाल, हिरवी, कडेला पिवळी पट्टी. त्याच कुंचीत गुंडाळून धुळानं त्याला हिवराच्या झाडाखाली पुरलं आणि वर धोंडे रचले. बायाक्का रडली नाही. चुलीपाशी बसली ती बसलीच. छाती दुधानं दगड झाली होती. कोणी हाक मारली तर मान वळत नव्हती.

त्याच सकाळी काळतोंडी नावाच्या मेंढीचं कोकरू गारठून मेलं. धुळानं सवयीनं कातडं सोललं. वाड्यात एक पोरकं कोकरू होतं, त्याला ते चढवायचं होतं. पण ज्याचं लेकरू सकाळीच मातीत गेलं त्याचं ध्यान कुठं असणार? कातडं तसंच खांद्यावर टाकून तो मेंढरं घेऊन खाली उतरला.

दुपारी तो एका झोपडीवरून चालला होता. आतून रडणं ऐकू आलं. झोपडी साळ्याची, म्हणजे गावच्या विणकराची. धुळानं ताटी लोटली. आत साळी पडलेला, त्याची बायको पडलेली, दोघं थंड. बाईच्या छातीला एक तान्ही पोर चिकटलेली. ती ओढत होती, आणि काही येत नव्हतं.

धुळा हबकला. बाहेर येऊन त्यानं चहूकडं पाहिलं. हाक मारायला माणूस नव्हतं. साळ्याचा भाऊ गणबा ओढ्यापलीकडं होता, आणि भावाच्या झोपडीत कोणी उरलं नाही असं समजून त्यानं तिघांच्या नावानं आंघोळही केली होती.

मग धुळानं जे केलं ते कुणा माणसानं केलेलं नाही. पोर घोंगड्याच्या खोळीत घातली आणि तो हिवराखाली आला. धोंडे बाजूला केले. माती काढली. सकाळी पुरलेलं आपलं लेकरू वर घेतलं. त्याच्या अंगावरची कुंची काढली आणि पोरीला चढवली. पोर किंचाळली. त्यानं खड्डा बुजवला, धोंडे रचले आणि पोर घेऊन तो वाड्याकडं चालायला लागला.

हे सटवाजी गुरवानं पाहिलं. त्याची झोपडी हाकेवर होती. खोळीतली पोर त्याला दिसली नव्हती. त्याला दिसलं ते एवढंच, की धनगरानं पुरलेलं मढं उकरून काढलं, हातात धरलं आणि ते रडायला लागलं. सटवाजीची दातखीळ बसली, असं म्हणतात. सुटली तेव्हापासून मात्र ती पुन्हा कधी बसली नाही. मरेपर्यंत तो तेच सांगत राहिला.

धुळानं पोर बायाक्काच्या मांडीवर ठेवली. एक शब्द बोलला नाही. बायाक्कानं कुंची पाहिली. तिचे डोळे मोठे झाले. तिनं कुंचीला नाक लावलं, पदर बाजूला केला आणि पोरीला पाजलं.

वाड्यातल्या माणसांनी धुळाला विचारलं, "कातडं कुठं हाय? कोकरू लावायचं हाय न्हवं?"

"हरवलं," धुळा म्हणाला.

दिवस मावळायच्या आत ते पोरकं कोकरू मेलं. धुळाच्या हातून वाया गेलेलं ते एकच. आणि काळतोंडी चार दिवस हिवराखालच्या त्या धोंड्यांभोवती ओरडत फिरत होती. धन्याचं लेकरू गेल्याचं मुक्या जनावरालाही दुःख झालं, असं म्हणतात. म्हणेनात का.

तिसऱ्या दिवशी धुळा बायाक्कासमोर बसला. पोरीच्या अंगावरची कुंची काढली. मेंढीच्या बाबतीत करायचा तसंच.

"हे तुझं न्हाई," तो म्हणाला. "साळ्याचं हाय. आईबाप गेलं. ठेवतीस का?"

बायाक्कानं तीन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "मला मेंढी समजलात व्हय?"

धुळानं हातातली कुंची खाली ठेवली.

"मांडीवर ठेवलं तवाच कळलं. वजन कळत न्हाई का बाईला? पोरगा का पोरगी, ते तरी कळंल का न्हाई?"

"मग पाजलंस कसं?"

"भुकेलं होतं. तुमी न बोलता दिलं, म्या न बोलता घेतलं." तिनं पोर उचलून खांद्यावर टाकली. "ठेवते. पन माझ्या लेकराचं वस्त्र काढून आनलंत. त्याला उघडं ठिवून आलात, ह्या दिवसांत."

"त्याला गार न्हाई," धुळा म्हणाला.

"मेलेल्याला गार नसतंच. हे मला सांगू नका." आणि तिनं कुंचीची घडी घातली. "हे उसनं हाय. फेडाय पायजे."

पोरीचं नाव धोंडाई ठेवलं.

पुढच्या पौषात वाडा पुन्हा हिवरतळला उतरला. कुंची परत ठेवायची म्हणून बायाक्का हिवराखाली गेली, तर धोंड्यांपाशी एक बाई बसलेली. मांडीवर चार वर्षांची मुलगी. मेलेली. सटवाजीची गोष्ट पंचक्रोशीत पोचली होती.

"आक्का, कुंचीत घाल हिला. तुझं उठलं, तसं माझं उठंल."

बायाक्कानं कुंची पाठीमागं धरली. ती म्हणाली, "बये, माझं उठलं न्हाई. माझं हितंच खाली हाय. तुझं कुठनं आनू?"

बाई ऐकेना. दुपार झाली. बायाक्का तिच्याजवळ बसून राहिली. मग दोघींनी मिळून मुलीला माती दिली. त्याच आठवड्यात खालच्या वस्तीत प्लेगनं एक पोर उघड्यावर पडली होती. धुळा गेला आणि घेऊन आला. कुंची तिच्या गळ्यात बांधून त्यानं त्या बाईच्या पुढ्यात ठेवली. तीन दिवस कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बायाक्कानं स्वतःच्या हातानं कुंची सोडली.

"हे तुझं न्हाई. ठेवतीस का?"

बाईनं पोर जवळ ओढली. "ठेवते," म्हणाली.

कुंची बायाक्काकडं परत आली. धोंड्यांखाली ती त्या साली गेली नाही, कारण लगेच दुसरं पोर आलं. त्याच्या पुढच्या साली तिसरं. प्लेग जात नव्हता आणि पोरकी लेकरं संपत नव्हती. बायाक्का दर पौषात म्हणायची, "या साली ठेवते," आणि दर पौषात कुणीतरी पोर उघडं येऊन पडायचं. धुळानं आणि तिनं सात लेकरं लावली म्हणतात. कोणी एकवीस म्हणतात. कुंची विरली नाही, फाटली नाही, रंग उतरला नाही, असंही म्हणतात. ज्यांची लेकरं गेली त्यांना लेकरं मिळाली, ज्यांचं कोणी नव्हतं त्यांना आई मिळाली.

फक्त धोंडाईला गाव मिळालं नाही.

कारण बाकीची लेकरं कुठून आली ते सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि धोंडाई कुठून आली ते सटवाजीनं पाहिलं होतं. धुळानं दहादा सांगितलं, की पोर साळ्याची. कोणी मानलं नाही. साळ्याची पोर मेली आणि ही धनगराचीच, खड्ड्यातून उठलेली, हेच लोकांना खरं वाटत होतं. मुलगा पुरला होता, मुलगी कशी उठली, असं कोणी विचारलं तर सटवाजी म्हणायचा, "खाली काय काय बदलतं ते तुला काय ठावं?" विहिरीवर बायका तिच्या घागरीपासून लांब सरत. पोरं तिला मढ्याची म्हणत. वाड्यातली माणसंसुद्धा तिच्या हातची भाकरी घेताना आधी डावीकडं उजवीकडं बघत.

शके अठराशे अठ्ठावीसला धुळा तापानं गेला. बोलका तो कधी नव्हताच. जाताना बायाक्काकडं पाहून एवढंच म्हणाला, "त्याला गार न्हाई गं." तिनं तोंड फिरवलं. त्या एका गोष्टीसाठी तिनं त्याला क्षमा केली नव्हती.

शके अठराशे एकतीस, पौष. धोंडाई बारा वर्षांची झाली. तिला पाहायला एका वाड्यातली माणसं आली. चहा नव्हता त्या काळी, दूध दिलं. म्हाताऱ्यानं पेला ओठापर्यंत नेला आणि विचारलं, "ही तीच व्हय, हिवराखालची?" पेला तसाच खाली ठेवला. माणसं उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला न सांगता धोंडाई गावात गेली. गणबा साळ्याचं दार तिला ठाऊक होतं. लहानपणापासून लांबून पाहत आली होती. आत माग चालल्याचा आवाज येत होता. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"तात्या, म्या तुमच्या भावाची. मला घरात न्हाई घेतलं तरी चालंल. नुसतं तोंडानं म्हना, की ही आमची."

माग थांबला. गणबा दारात आला. पोरीचं कपाळ, नाक, हनुवटी, सगळं त्याच्या मेलेल्या भावाचं. गणबा पांढरा पडला. ओळख पटायला हवी होती. त्याला भीती वाटली. मेलेला भाऊच पोरीच्या रूपानं दारात आला असं त्याला वाटलं. त्यानं चुलीतली राख मुठीनं उचलली आणि तिच्या अंगावर फेकली. दार लावलं.

धोंडाई वाड्यावर आली तेव्हा केसापासून पायापर्यंत राखेनं भरली होती. पापण्यांवर राख. ती रडत नव्हती. बारा वर्षांपूर्वी बायाक्का चुलीपाशी बसली होती तशीच ती बसली.

बायाक्कानं तिच्याकडं पाहिलं. मग घोड्यावरच्या बाचक्यातून कुंची काढली आणि तडक गावात गेली. चावडीपुढं उभी राहिली.

"सगळी चला हिवराखाली. आज उकरायचं हाय."

गाव सुन्न झालं. आई स्वतःच्या लेकराची माती उकरते, हे कोणी ऐकलं नव्हतं. पण चालत सगळे गेले. गणबाही गेला. म्हातारा सटवाजी काठी टेकत पुढं झाला.

"बायाक्का, बारा वर्सं झाली. कोवळी हाडं मातीत राहत्यात व्हय? आन् कोल्ही का कमी हायेत माळावर? खड्डा रिकामा निघाला तर?"

"तर मला त्यात घाला आन् बुजवा."

"आन् पोरीचं?"

"रिकामा निघाला तर तुझं खरं. पोर मढ्याची. भरलेला निघाला तर माझं लेकरू खाली हाय आन् ही पोर गणबाची. मग तिला कुनी नख लावायचं न्हाई."

धोंडाई मागोमाग आली होती. तिनं बायाक्काचा हात धरला. "आये, नको. मला न्हाई पायजे गाव."

"सर बाजूला," बायाक्का म्हणाली.

धोंडे तिनं एकटीनं काढले. कुदळ घेतली नाही, हातांनी माती ओढली. वर दहिवर पडून माती घट्ट झाली होती, बोटं फुटली. गाव गोल करून उभं होतं. एक माणूस खोकत नव्हतं. ढोपरभर खोल गेल्यावर तिचा हात थांबला.

हाताला लोकर लागली.

तिनं माती झाडली. खाली कोकराचं कातडं होतं, लोकर वर, पोटाशी दुमडून नीट गुंडाळलेलं. बारा वर्षं मातीत. आणि लोकर पांढरी होती, कालच धुतल्यासारखी. पुढची माणसं मागं सरली, मागची पडली. बायका ओरडल्या. बायाक्का ओरडली नाही. ती तशीच गुडघ्यावर बसून राहिली.

कातडं हरवलं, तो म्हणाला होता. त्याला गार न्हाई, तो म्हणाला होता. मरताना सुद्धा तेच म्हणाला होता, आणि तिनं तोंड फिरवलं होतं.

बऱ्याच वेळानं तिनं कातड्याची एक घडी उलगडली. आत बोटाएवढी हाडं. मनगटाच्या जागी काळा दोरा आणि त्यात एक मणी, तिनं स्वतः बांधलेला.

"बघ," ती सटवाजीला म्हणाली.

सटवाजीनं वाकून पाहिलं. काठी हातातून गळाली. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारायला लागला. त्याला कोणी थांबवलं नाही.

गणबानं डोक्याचं पागोटं काढलं. धोंडाईपुढं गेला आणि तिच्या पायाशी ठेवलं. "पोरी, घरी चल. भावाचं घर तुझं हाय. माग तुझा हाय. म्या राख टाकली, माझ्या हाताला..."

धोंडाईनं पागोटं उचलून त्याच्या हातात दिलं. मग ती खड्ड्याच्या काठावर बायाक्कासमोर बसली.

"आये, समद्यांच्या देखत सांगितलंस. म्या तुझी न्हाई."

"न्हाई," बायाक्का म्हणाली.

"मग आता इचार की. दर पोराच्या येळंला इचारतीस."

बायाक्का तिच्या पापण्यांवरची राख पुसत राहिली. तेव्हा धोंडाईनंच विचारलं. "हे तुझं न्हाई. ठेवतीस का?"

"ठेवते," बायाक्का म्हणाली. आणि बारा वर्षांचं सगळं त्या वेळी रडली.

मग तिनं कातडं अलगद सोडवून घेतलं. हाडं कुंचीत ठेवली, लाल, हिरवी, कडेला पिवळी पट्टी. नाडी बांधली. माती ओढली. धोंडे मात्र गावानं रचले, प्रत्येकानं एक.

हिवराचं झाड आता नाही. धोंडे आहेत. बायाक्काचे धोंडे म्हणतात त्यांना. धोंडाईनं साळ्याचं घर घेतलं ते पोरक्या लेकरांसाठी, आणि त्या घरात वाढलेल्यांनी पुढं दुसऱ्यांची वाढवली. हिवरतळात आजही पौष वद्य पंचमीला साळ्याच्या घरातून नवं कापड येतं, गावातल्या बायका त्याची एक कुंची शिवतात आणि धोंड्यांवर ठेवतात. पंचक्रोशीत कोणीही दुसऱ्याचं लेकरू घरात घेतलं, की ती कुंची घेऊन जायची. तीन दिवस लेकराच्या अंगावर ठेवायची. तिसऱ्या दिवशी चार माणसांत काढायची आणि बायाक्काचं नाव घेऊन विचारायचं, हे तुझं नाही, ठेवतेस का? उत्तर मोठ्यानं द्यावं लागतं. लेकरापासून काही लपवायचं नाही. कुंची वर्षाच्या आत परत धोंड्यांवर ठेवायची. आजवर एकही कुंची परत यायची राहिलेली नाही.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं.

बायाक्का कातडं घेऊन वाड्यावर आली. काळतोंडी जिवंत होती. मेंढी चौदा-पंधरा वर्षं जगत नाही, पण ती जगली होती. धुळानं तिला कधी विकू दिलं नाही, कापू दिलं नाही, आणि का ते कधी सांगितलं नाही. त्या पंचमीनंतर तिनं कुठलंही कोकरू अंगाला लागू दिलं नव्हतं. दर पौषात मात्र ती धोंड्यांपाशी जाऊन उभी राहायची.

वाड्यात त्या दिवशी एक पोरकं कोकरू होतं. बायाक्कानं कातडं त्याच्या पाठीवर घातलं आणि ते काळतोंडीपुढं सोडलं.

म्हाताऱ्या मेंढीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग ती पाय फाकून उभी राहिली आणि कोकरू प्यायला लागलं.